जुने खेळ, नवी साधने: रेट्रोआर्चची घडी पायरीपायरीने कशी बसवावी

जुन्या कन्सोलवरचे खेळ आजच्या यंत्रावर चालवून देणारे इम्युलेटर फार पूर्वीपासून आहेत. आर्केड खेळांसाठीचा 'मेम' १९९७ सालीच लोकांच्या हाती आला होता. त्या काळी खेळ सुरू झाला आणि आवाज फार तुटला नाही, एवढ्यावर समाधान मानावे लागे. आज खेळ चालतो हे गृहीतच असते, आणि अडचण निराळी असते. इम्युलेटरमध्ये सोयी इतक्या वाढल्या आहेत की नवखा माणूस पहिल्याच दिवशी सेटिंग्जच्या जंगलात हरवतो, चांगली वाटेल ती गोष्ट चालू करत सुटतो आणि शेवटी कशामुळे काय बिघडले हे त्याला सांगता येत नाही. म्हणून या लेखात रेट्रोआर्च हे एकच सॉफ्टवेअर घेतले आहे. ते विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर चालते, आणि ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये जुन्या खेळांच्या इम्युलेटरना आपल्या ॲप स्टोअरवर परवानगी दिल्यानंतर ते पुढच्याच महिन्यात आयफोनवरही आले. पुढे दिलेला क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. चित्राची सजावट सर्वांत आकर्षक असली तरी ती शेवटी करावी, आणि एका वेळी एकच बदल करून खेळ चालवून पाहावा.

पायरी १: चौकट आणि कोअर यांतला फरक ओळखणे

रेट्रोआर्च स्वतः कोणत्याही कन्सोलची नक्कल करत नाही. पडदा, आवाज, बटणे, फाइली आणि मेनू एवढे ते सांभाळते, आणि प्रत्येक कन्सोलची नक्कल करणारे स्वतंत्र घटक, म्हणजे कोअर, त्या चौकटीत बसवावे लागतात. समोर आलेली सेटिंग चौकटीची आहे की कोअरची, हा प्रश्न पुढे वारंवार पडतो. चौकटीच्या सेटिंग्ज मुख्य 'सेटिंग्ज' विभागात असतात. कोअरच्या सेटिंग्ज मात्र खेळ चालू असताना 'क्विक मेनू'तल्या 'कोअर ऑप्शन्स'मध्ये सापडतात.

मुख्य मेनूतून 'लोड कोअर' आणि त्यातून 'डाउनलोड अ कोअर' निवडले की यादी उघडते. एकाच कन्सोलसाठी चार-पाच कोअर दिसतात आणि कोणता घ्यावा हे यादी सांगत नाही. सुपर निन्टेन्डोसाठी साधारण यंत्रावर 'एसनेस९एक्स' पुरेसा आहे. यंत्र दमदार असेल आणि अचूकपणा हवा असेल तर 'बीएसनेस' घ्यावा. पहिल्या निन्टेन्डोसाठी 'मेसेन', मेगा ड्राइव्हसाठी 'जेनेसिस प्लस जीएक्स', गेम बॉयसाठी 'गॅम्बाटे' किंवा 'सेमबॉय', गेम बॉय ॲडव्हान्ससाठी 'एमजीबीए' हे कोअर डोळे मिटून घ्यावेत असे आहेत. पहिल्या प्लेस्टेशनसाठी संगणकावर 'बीटल पीएसएक्स एचडब्ल्यू' आणि दुबळ्या यंत्रावर 'पीसीएसएक्स रीआर्म्ड' घ्यावा.

काही कन्सोलसाठी मूळ यंत्रातील बायॉसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरची, फाइल लागते. ती 'सिस्टम' फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिचे नाव कोअर ज्या अक्षरांत मागतो अगदी त्याच अक्षरांत असावे. लिनक्सवर इंग्रजी अक्षर लहान की मोठे एवढ्या फरकानेही ती फाइल सापडत नाही. कोअर लोड करून त्याच्या माहितीचे पान उघडले की कोणती फाइल मिळाली आणि कोणती नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. खेळ सुरूच न होण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या पानावर सापडते. इम्युलेटर तयार करणे आणि खेळाची प्रत बाळगणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २००० साली इम्युलेटर बनवण्यासाठी केलेल्या बायॉसच्या अभ्यासाला मोकळीक दिली. खेळ आणि बायॉस यांचे हक्क मात्र त्यांच्या मालकांकडेच राहतात. आपल्याकडच्या कार्ट्रिजवरून आणि डिस्कवरून आपण स्वतः काढलेल्या प्रती वापरणे हा त्यातला सर्वांत सरळ मार्ग आहे.

पायरी २: संग्रह लावणे

'इम्पोर्ट कंटेंट'मधील 'स्कॅन डिरेक्टरी' हा पर्याय फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलची ओळख पटवून कन्सोलनुसार याद्या तयार करतो. कार्ट्रिजच्या खेळाची ओळख फाइलच्या चेकसमवरून, म्हणजे तिच्यातील माहितीवरून काढलेल्या आकड्यावरून, आणि डिस्कच्या खेळाची मुख्यतः तिच्यातील अनुक्रमांकावरून पटते. त्यामुळे भाषांतराचा पॅच लावलेला किंवा हौशी मंडळींनी नव्याने बनवलेला खेळ यादीत येतच नाही आणि फाइल खराब असल्याचा गैरसमज होतो. अशा वेळी 'मॅन्युअल स्कॅन' वापरावा. त्यात कन्सोल आणि कोअर आपण सांगायचा असतो आणि फाइलच्या नावावरूनच यादी बनते.

डिस्कच्या खेळांसाठी सीएचडी हे स्वरूप आता रुळले आहे. मेमसोबत येणारे 'सीएचडीमॅन' हे साधन 'क्यू' आणि 'बिन' फाइलींचा जुडगा एका दाबलेल्या सीएचडी फाइलीत बदलते. त्यात माहिती गमावली जात नाही आणि पुन्हा मूळ रूपही मिळवता येते. जागा वाचते हा फायदा आहेच, पण एका खेळामागे दहा-बारा फाइली सांभाळण्याचा त्रास जातो हा मला त्याहून मोठा वाटतो. खेळ अनेक डिस्कचा असेल तर सर्व डिस्कची नावे एकेका ओळीत लिहिलेली एम३यू फाइल बनवावी आणि खेळ तिच्यावरूनच सुरू करावा. मग दुसरी डिस्क मागितली गेल्यावर 'क्विक मेनू'तल्या 'डिस्क कंट्रोल'मधून आधीची बाहेर काढून नवी घालता येते, आणि सर्व डिस्कसाठी मेमरी कार्डही एकच राहते.

पायरी ३: बटणे आणि हॉटकी

ओळखीचा गेमपॅड जोडताच त्याची बटणे आपोआप जुळतात. हाताने करण्याचे काम एकच आहे आणि ते टाळू नये: 'हॉटकी एनेबल' या कामासाठी एक बटण, बहुधा सिलेक्ट, नेमून द्यावे. हे बटण दाबून धरले असतानाच बाकीच्या हॉटकी, म्हणजे इम्युलेटरला थेट आज्ञा देणारी बटणे, चालतात. ते नेमले नाही तर गेमपॅडवर ठेवलेली स्टेट (खेळाचा गोठवून जतन केलेला क्षण) लोड करण्याची हॉटकी ऐन लढाईत चुकून दाबली जाते. कीबोर्डवर एफ१ने मेनू उघडतो, एफ२ने स्टेट जतन होते, एफ४ने ती परत येते, पी अक्षराने खेळ थांबतो आणि के अक्षराने तो एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, पुढे सरकतो. शेवटच्या दोन कळा लक्षात ठेवाव्यात. त्यांचे काम सहाव्या पायरीत आहे.

पायरी ४: सेटिंग कुठवर लागू व्हावी हे ठरवणे

रेट्रोआर्चमध्ये सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत उपयोगी सोय म्हणजे 'ओव्हरराइड्स'. एखादा बदल सगळ्या खेळांना लागू व्हावा, एका कोअरच्या सर्व खेळांना, एका फोल्डरमधल्या खेळांना, की फक्त एका खेळाला, हे तिथे ठरवता येते. खेळ सुरू होताना आधी कोअरचा, मग फोल्डरचा आणि शेवटी खेळाचा ओव्हरराइड वाचला जातो आणि नंतर वाचलेला आधीच्यावर मात करतो. गेम बॉयच्या चित्राचे रुंदी-उंचीचे गुणोत्तर वेगळे हवे असेल तर गेम बॉयचा खेळ चालू असताना बदल करून 'क्विक मेनू'तल्या 'ओव्हरराइड्स'मधून कोअरचा ओव्हरराइड जतन करावा. मुख्य सेटिंगला हात लागत नाही. कोअर ऑप्शन्स, बटणांची फेरजुळणी आणि शेडर (चित्रावर शेवटचा संस्कार करणारे छोटे प्रोग्राम) यांना मात्र ओव्हरराइड लागू होत नाही. त्यांचे जतन त्यांच्या त्यांच्या मेनूतून, पण अशाच पातळ्यांवर करावे लागते.

याला जोडूनच 'सेव्ह कॉन्फिगरेशन ऑन क्विट' बंद करावे असे माझे मत आहे. ते चालू असेल तर प्रयोग म्हणून केलेला प्रत्येक बदल बाहेर पडताना कायम होतो. बंद केल्यावर मुख्य सेटिंग्ज मनासारख्या लागल्या की त्या 'कॉन्फिगरेशन फाइल'मधून एकदा हाताने जतन कराव्यात; त्यानंतर कितीही खोड्या केल्या तरी पुन्हा सुरू करताच सगळे पूर्ववत असते. पुढे सांगितलेला एखादा पर्याय आपल्या पडद्यावर दिसला नाही तर 'यूजर इंटरफेस'मध्ये प्रगत सेटिंग्ज दाखवण्याचा पर्याय बंद आहे का, ते पाहावे.

पायरी ५: प्रगती सुरक्षित ठेवणे

खेळातली प्रगती दोन ठिकाणी राहते आणि या दोहोंची गल्लत झाली की कित्येक तासांची मेहनत जाते. पहिली म्हणजे खेळाने स्वतः केलेली नोंद, जी मूळ कार्ट्रिजमध्ये बॅटरीच्या आधाराने टिकत असे आणि इथे एसआरएम फाइलीत राहते. दुसरी म्हणजे सेव्ह स्टेट, अर्थात त्या क्षणाच्या संपूर्ण यंत्राचे गोठवलेले चित्र. स्टेट कुठेही आणि केव्हाही करता येते. पण ती ज्या कोअरने बनवली त्यालाच कळते, आणि कोअरची आवृत्ती बदलल्यावर ती उघडेलच याची हमी नसते. एसआरएम फाइल त्या मानाने टिकाऊ असते आणि पुष्कळदा त्याच कन्सोलच्या दुसऱ्या कोअरमध्येही चालते. म्हणून स्टेट ही पानात घातलेली खूण समजावी आणि खरी नोंद खेळाच्या आतूनच करत राहावी.

खेळाच्या आत केलेली नोंद लगेच डिस्कवर जातेच असे नाही. साधारणतः ती खेळ बंद करताना लिहिली जाते. फोनवर दुसरे ॲप उघडल्यावर प्रणालीने इम्युलेटर परस्पर बंद केला तर ती नोंद लिहिली जाण्याआधीच नाहीशी होऊ शकते. यावर उपाय म्हणून 'सेव्हिंग' विभागात 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल' शोधून तिथे १० सेकंदांसारखा अवधी ठेवावा. दुसरा सापळा याहून फसवा आहे. सेव्ह स्टेटमध्ये त्या क्षणाची बॅटरीची नोंदही गोठलेली असते, त्यामुळे जुनी स्टेट उघडली की ताजी नोंद जुन्या नोंदीखाली गाडली जाते. स्टेट उघडताना सेव्हरॅमवर, म्हणजे बॅटरीच्या नोंदीवर, लिहू नये, असा पर्याय त्याच विभागात आहे; आतून नोंद करणारे दीर्घ खेळ खेळणाऱ्यांनी तो चालू ठेवावा.

नव्या सोयींपैकी तीन इथेच चालू कराव्यात. स्टेटसोबत छोटे चित्र जतन करण्याचा पर्याय ठेवला की कोणत्या खणात, म्हणजे स्टेट साठवण्याच्या कोणत्या जागेत, काय आहे हे दिसते. खणाचा क्रमांक आपोआप वाढवण्याचा पर्याय ठेवला की प्रत्येक स्टेट नव्या जागी जाते आणि जुनी पुसली जात नाही. जोडीला किती स्टेट ठेवायच्या याची मर्यादाही घालावी. आणि चुकून भलतीच स्टेट उघडली तर 'क्विक मेनू'तला 'अनडू लोड स्टेट' आधीचा क्षण परत आणतो, हे माहीत असावे.

एकाहून अधिक यंत्रांवर खेळणाऱ्यांसाठी 'क्लाउड सिंक' आहे. त्यात इंटरनेटवर फाइली ठेवू देणाऱ्या वेबडॅव्ह सेवेचा पत्ता, नाव आणि पासवर्ड दिला की नोंदी यंत्रायंत्रांत सारख्या राहतात. ॲपलच्या यंत्रांवर आयक्लाउडचाही मार्ग आहे. यातला 'डिस्ट्रक्टिव्ह' नावाचा पर्याय बंदच ठेवावा, म्हणजे बदललेल्या जुन्या फाइली कायमच्या पुसल्या न जाता बाजूला ठेवल्या जातात. एका यंत्रावर खेळ पूर्ण बंद केल्याशिवाय दुसऱ्यावर सुरू करू नये.

पायरी ६: बटण आणि उडी यांतले अंतर

मूळ यंत्रावर सहज जमणारी उडी इम्युलेटरवर थोडक्यात हुकते आणि आपले वय झाले असे वाटू लागते. बहुतेक वेळा दोष विलंबाचा असतो. सेकंदाला सुमारे ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. पडदा, ग्राफिक्स ड्रायव्हर, गेमपॅड आणि खुद्द खेळ असे प्रत्येकाने एक-दोन फ्रेम खाल्ले की हाताला फरक जाणवतो.

सुरुवात इम्युलेटरच्या बाहेरून करावी. टीव्हीवर 'गेम मोड' चालू करावा, कारण चित्र सुधारण्याच्या टीव्हीच्या प्रक्रिया विलंबात मोठी भर घालतात. रेट्रोआर्चमध्ये 'थ्रेडेड व्हिडिओ' बंद असल्याची खात्री करावी. दुबळ्या यंत्रावर वेग मिळवून देणारा हा पर्याय विलंब वाढवतो. पडद्याचा रिफ्रेश दर (सेकंदाला किती वेळा चित्र नवे होते तो आकडा) बदलता राहू शकत असेल, म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल, तर खेळाच्या मूळ फ्रेमदराशी जुळवून घेण्याचा पर्याय चालू करावा. पहिल्या निन्टेन्डोचा दर ६०.१ हर्ट्झच्या जवळ आणि गेम बॉयचा ५९.७३ हर्ट्झ आहे, त्यामुळे अशा पडद्यावर दोन्ही आपापल्या खऱ्या गतीने चालतात. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर रेट्रोआर्च खेळाची गती पडद्याशी जुळवते आणि आवाजाची लय कानाला न कळेल इतकी हलवते. तिथे वेगळे काही करावे लागत नाही.

आता 'लेटन्सी' विभाग उघडावा. 'फ्रेम डिले'मुळे इम्युलेटर फ्रेमचे काम शक्य तितके उशिरा सुरू करतो आणि बटणांची अवस्था पडद्यावर चित्र जाण्याच्या अगदी आधी वाचली जाते. किती मिलिसेकंद द्यावेत याचा अंदाज घेत बसण्यापेक्षा 'ऑटोमॅटिक फ्रेम डिले' चालू करावा. यंत्राला ताण पडू लागला की तो स्वतःच माघार घेतो.

खरी जादू मात्र 'रन-अहेड'ची आहे. रेट्रोआर्चमध्ये ही सोय २०१८ साली आली. पुष्कळ खेळ मूळ यंत्रावरही बटण दाबल्यानंतर एक-दोन फ्रेम उशिरा प्रतिसाद देत. रन-अहेड प्रत्येक फ्रेमला अंतर्गत स्टेट जतन करतो, बटणाची आताची अवस्था घेऊन खेळ काही फ्रेम गुपचूप पुढे पळवतो, तिथले चित्र दाखवतो आणि पुन्हा मागे येतो. खेळाने स्वतः लावलेला उशीरच त्यामुळे गळून पडतो, आणि परिणामी काही खेळ मूळ कन्सोलपेक्षाही चपळ वाटतात. किती फ्रेम पुढे जावे हे मोजून ठरवायचे असते. मोजताना रन-अहेड बंद असावा. पात्र स्थिर उभे असताना पी दाबून खेळ थांबवावा, उडीचे बटण दाबून धरावे आणि के दाबत एकेक फ्रेम मोजावी. पात्र तिसऱ्या फ्रेमला हलले तर खेळाचा स्वतःचा विलंब दोन फ्रेमचा आहे, म्हणून आकडा २ ठेवावा. दुसऱ्या फ्रेमला हलले तर १. याहून मोठा आकडा ठेवला की हालचालीची पहिली चित्रे गळतात आणि पात्र उडी घेण्याऐवजी हवेत प्रकटते. हा आकडा खेळागणिक बदलतो, म्हणून तो खेळाच्या ओव्हरराइडमध्येच जतन करावा. सगळ्या खेळांसाठी एकच आकडा ठेवण्याचा आळस इथे महागात पडतो.

रन-अहेड २ असताना पडद्यावरच्या एका फ्रेमसाठी यंत्राला तीन फ्रेमचे काम करावे लागते. आवाज तुटू लागला तर कोअरची दुसरी प्रत वापरण्याचा पर्याय निवडावा, आणि यंत्रच धापा टाकत असेल तर 'प्रीएम्प्टिव्ह फ्रेम्स'कडे वळावे. हा नंतर आलेला प्रकार बटणाची अवस्था बदलली तरच मागच्या फ्रेम पुन्हा चालवतो, त्यामुळे एरवी यंत्र निवांत राहते. फोनवर मी आधी हाच लावून पाहीन. दोन्हींसाठी कोअरची स्टेट जतन करण्याची व्यवस्था भरवशाची लागते. डिस्कच्या युगातल्या जड कोअरवर यांचा आग्रह धरू नये.

खेळ मागे नेणारी 'रिवाइंड' ही सोय शिकण्यासाठी उत्तम आहे, पण ती सतत स्टेट साठवत राहते. रन-अहेडच्या जोडीने तिचा भार दुप्पट जाणवतो. खेळातल्या कामगिरीची नोंद ठेवणाऱ्या 'रेट्रोअचीव्हमेंट्स' सेवेच्या हार्डकोर प्रकारात रिवाइंड, चीट आणि स्टेट उघडणे हे सर्व बंद होते, तेव्हा ते चालेनासे झाल्यास दोष सेटिंगमध्ये शोधू नये.

पायरी ७: चित्र

२२४ ओळींचे चित्र १०८० ओळींच्या पडद्यावर पूर्ण पटीत चौपट, म्हणजे ८९६ ओळींपर्यंतच बसते आणि वरखाली काळी पट्टी उरते. पूर्ण पट सोडून चित्र ताणले तर काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात, आणि पार्श्वभूमी सरकताना ती लहरते. ४के पडद्यावर गणित सुटते: २४० ओळी बरोबर नऊपट आणि गेम बॉयच्या १४४ ओळी बरोबर पंधरापट. 'इंटिजर स्केल' हा पूर्ण पटीचा पर्याय तिथे निर्धास्त चालू करावा. लहान पडद्यावर तो बंद ठेवून 'शार्प बायलिनिअर' हा हलका शेडर लावावा. कडा नेमक्या राहतात आणि लहरणे थांबते. गुणोत्तर 'कोअर प्रोव्हायडेड' ठेवावे. सुपर निन्टेन्डोचे २५६ बाय २२४ पिक्सेल चौरस समजून दाखवले तर चेहरे उभट दिसतात, कारण मूळ चित्र ४:३ च्या टीव्हीवर रुंदावत असे.

जुन्या काचेच्या टीव्हीची नक्कल करणारे सीआरटी शेडर निव्वळ स्मरणरंजन नव्हेत. मेगा ड्राइव्हच्या कित्येक खेळांत धबधबे आणि सावल्या एकाआड एक पिक्सेल रंगवून काढलेल्या असत आणि त्या काळची केबल ते पिक्सेल मिसळून पारदर्शकतेचा भास देई. नेमक्या आधुनिक पडद्यावर तिथे नुसती जाळी दिसते. गेम बॉयवरही काही वस्तू एका फ्रेमआड दाखवून अर्धपारदर्शक भासवल्या जात. कोअर ऑप्शन्समधले 'इंटरफ्रेम ब्लेंडिंग' तो परिणाम परत आणते. शेडर सापडत नसतील तर व्हिडिओ ड्रायव्हर पाहावा: 'स्लँग' प्रकारचे शेडर व्हल्कन, डायरेक्टथ्रीडी ११ व १२, मेटल आणि 'जीएलकोअर' यांवर चालतात, जुन्या 'जीएल' ड्रायव्हरवर मात्र 'जीएलएसएल' प्रकारचेच. एकत्र चार-पाच पास, म्हणजे चित्रावर एकामागून एक होणाऱ्या प्रक्रिया, असलेले शेडर फोनची बॅटरी सपाट्याने संपवतात.

पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ वेगळी वागणूक मागतात. त्यातले गणित-यंत्र त्रिकोणांचे कोपरे पूर्ण पिक्सेलवर आणून ठेवी, म्हणून त्या खेळांत भिंती थरथरतात. बीटल कोअरमध्ये 'इंटर्नल रिझोल्यूशन' चौपट केले की कडा स्वच्छ होतात. पण थरथर जाण्यासाठी 'पीजीएक्सपी' चालू करावे लागते, जे कोपऱ्यांची अपूर्णांकातली जागा जपून ठेवते. काही खेळांत त्यामुळे भेगा दिसतात. तेवढ्या खेळांपुरते ते बंद करून खेळाच्या पातळीवर जतन करावे.

पायरी ८: अद्ययावत करताना

कोअरची नवी आवृत्ती घेण्याआधी खेळाच्या आतून नोंद करून खेळ नीट बंद करावा, कारण अर्ध्यावरचा खेळ केवळ स्टेटच्या भरवशावर असेल तर तो नव्या कोअरवर उघडणार नाही अशी शक्यता असते. कोअर अद्ययावत होताना जुन्याची प्रत आपोआप ठेवण्याचा पर्याय अपडेटरच्या सेटिंग्जमध्ये चालू करावा. 'मॅनेज कोअर्स'मध्ये जाऊन एखादा कोअर कुलूपबंदही करता येतो. एखाद्या दीर्घ खेळाच्या मध्यावर असताना मी तेच करतो. कुणासोबत 'नेटप्ले', म्हणजे नेटवर्कवरून एकत्र, खेळायचे असेल तर मात्र दोघांकडे त्याच कोअरची तीच आवृत्ती आणि खेळाची तीच प्रत लागते, तेव्हा कुलूप काढण्याआधी समोरच्याची आवृत्ती विचारून घ्यावी. नवा कोअर घेतल्यावर खेळ आधी त्याच्या स्वतःच्या नोंदीवरून उघडून पाहावा आणि मग जुन्या स्टेट तपासाव्यात. काही बिघडलेच तर त्याच विभागातून राखून ठेवलेली प्रत परत बसवली की त्या स्टेट पुन्हा उघडतात.